तिसरा प्लग

तिसऱ्या प्लगची वायर ओढली, आणि इंजिनाला त्याचं काहीच वाटलं नाही. पहिली ओढली तेव्हा ते अडखळलं होतं. दुसरीला तर मरणाच्या दारात जाऊन आलं होतं. तिसरी निघाली तरी ते आपल्या लंगड्या चालीनं चालतच राहिलं. बैठकीतून एखादा पाहुणा उठून जावा आणि कुणी मानही वर करू नये, तसं.

"सापडला," उस्ताद म्हणाले. "ज्याला काढून फरक पडत नाही, तो मेलेला."

गॅरेज उघडल्यापासूनचं त्यांचं हे वाक्य. ते इंजिनापुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण याच कसोटीवर त्यांनी मेहुण्याला निकालात काढलं होतं, दोन भागीदारांना वाटेला लावलं होतं, आणि थोरल्या भावाच्या शोकसभेत शेजारच्याच्या कानात सांगितलं होतं, की घराचा आवाज काही फारसा बदललेला नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर महिनाभर घरी बसून ते आज पहिल्यांदाच गॅरेजात आले होते. खरं तर उद्ध्वस्त गॅरेज बघायला आले होते. कारभार लेकीच्या हाती होता. तेव्हा बोंब उठलेली असणार, गिऱ्हाइकं तुटलेली असणार, अशी त्यांना मनापासून आशा होती. प्रत्यक्षात पाने आकाराप्रमाणे भिंतीवर टांगलेले. फरशीवर तेलाचा थेंब नाही. दुरुस्त झालेल्या गाड्या दाराशी शहाण्या मुलांसारख्या ओळीत उभ्या. त्या निर्लज्ज टापटिपीत एखादी तरी चूक सापडते का, म्हणून उस्तादांनी कोपरान्‌कोपरा धुंडाळला. महिनाभर त्यांची वायर काढून ठेवलेली होती, आणि गॅरेजची चाल तसूभरही बिघडली नव्हती.

खोकत होती ती एकच गाडी, दातांच्या डॉक्टरांची जुनी मोटार.

"सकाळपासून अशीच करतेय," डॉक्टर म्हणाले होते. मग पाठ केलेलं विसरल्यासारखं त्यांनी लेकीकडे बघितलं. "म्हणजे... आठवड्यापासून."

"मला नाही जमलं, बाबा," लेक म्हणाली होती. "पॉइंट घासले, कॉइलसुद्धा बदलली."

"कॉइल! शाब्बास! म्हणजे डोकं दुखतंय म्हणून या डॉक्टरांकडे जायचं आणि दाढ काढून घरी यायचं!" महिनाभरात प्रथमच उस्तादांचा आवाज खणखणीत लागला होता.

आता त्यांनी इंजिन बंद केलं, फडक्यात धरून तिसरा प्लग सोडवला आणि उजेडाकडे नेला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर होती. "हे बघ. ठिणगी टोकापर्यंत पोचतच नाही, या चिरेतून परस्पर पळून..."

बोलता बोलता त्यांनी प्लग डोळ्यांजवळ नेला.

मेलेला प्लग चुकून पुन्हा कुणाच्या इंजिनात जाऊ नये, म्हणून भंगारात टाकण्याआधी त्याच्या कमरेवर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हा इथला नियम. उस्तादांनीच घातलेला. या प्लगवरचा ठिपका कुणीतरी पेट्रोलनं घासून काढला होता. जुन्या डोळ्याला तो दिसला नसता. नव्या डोळ्याला खाचेत उरलेली लाली स्वच्छ दिसली. मग तीच लाली लेकीच्या नखाखालीही दिसली.

प्लग मेला होता, यात शंका नव्हती. फक्त तो या गाडीत मेलेला नव्हता.

लेक निकालाची वाट बघत असल्यासारखी उभी होती. डॉक्टर छताचं बारकाईनं निरीक्षण करत होते. उस्तादांच्या जिभेवर बरंच काही आलं. जीभही महिनाभर बिनकामाचीच होती. पण त्यांनी ते सगळं गिळलं, आणि अशा पदार्थाची सवय नसल्यानं त्यांना जरासा ठसका लागला.

त्यांनी नवा प्लग बसवला. वायर लावली. चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले.

"उस्ताद, तुम्ही नसता तर काय झालं असतं!" डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मात्र त्यांचं चोख पाठ होतं.

उस्तादांनी रंगाच्या डबीत बोट बुडवलं, प्लगला ताजा ठिपका दिला आणि तो भंगाराच्या डब्यात टाकला. मग लेकीकडे न बघता ते म्हणाले, "उद्या जरा अवघड बिघाड करून ठेव. प्लग म्हणजे अगदीच पोरखेळ झाला."