मीरदाद बादशहाचा बसलेला घसा

मीरदाद बादशहाचा घसा पार बसला होता. लढाईत ओरडून ओरडून आवाज असा गेला होता की तोंडातून नुसती हवा निघत होती. आणि कवन तर आजच म्हणायचं होतं! जिंकून आल्यावर बादशहाने स्वतः रचलेलं कवन झाल्याशिवाय कोणी रोटी मोडायची नाही, ही तिथली रीत. अंगणभर जेवणाची चादर, दस्तरखान, पसरलेलं, मटणाच्या शोरव्याची वाफ नाकात शिरतेय, आणि सगळे आपले ताटकळलेले.

म्हणून त्याची लेक पलवशा शेजारी उभी राहिली. तो कानात सांगणार, ती मोठ्याने म्हणणार.

"एक शब्द इकडचा तिकडे केलास तर बघ," बादशहा फुसफुसला.

"काहीतरीच काय, बाबा! मी कधी केलंय असं?"

दारापाशी डोंगरावरचे लोक उभे होते. घाटातल्या लढाईत ऐन वेळी तेच मदतीला धावून आले होते. त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा सरबुलंद काका घोड्याचा लगाम धरूनच उभा होता. त्याचे दोन्ही मुलगे घाटात लढताना पडले होते.

"बसा ना, काका," कोणीतरी म्हणालं.

"आधी कवन ऐकतो, मग ठरवतो. तुमच्या बादशहाच्या कवनात बादशहाच इतका असतो, की दुसऱ्याला टेकायला जागा उरत नाही."

कोणी हसलं नाही. पाहुणा उपाशी परत गेला की मैत्री संपली. पुढच्या वेळी डोंगरावरून कोणीही उतरणार नव्हतं.

बादशहा पलवशाच्या कानाशी वाकला. "मी एकटा उभा राहिलो, आणि शत्रूला घाट बंद झाला."

तिने काकाकडे पाहिलं.

"मी एकटा उभा राहिलो," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

काकाने रिकिबीत पाय घातला.

"आणि घाट उघडाच राहिला!"

बादशहाने तिचं मनगट असं आवळलं की बांगड्या रुतल्या. पण थांबेल ती पलवशा कसली!

"मग डोंगर धावत खाली आला. आज मी घेतोय तो श्वास त्या डोंगराने दिलाय."

काकाचा पाय रिकिबीतच राहिला. "बादशहा, हे तुमचंच कवन का?"

बादशहा लेकीकडे बघत राहिला. पडलेल्या घोड्याखालून त्याला ओढून काढणारे हात डोंगरावरच्या पोरांचेच होते. मनगटावरची पकड हळूहळू सैल झाली. त्याने काकाकडे बघून मान हलवली. हो.

मग तो पुन्हा तिच्या कानाशी वाकला. या वेळी पलवशाने काहीच बदललं नाही.

"काका, बाबा विचारतायत, तुमच्या मुलांची नावं काय होती? पुढची ओळ त्यांची आहे."

काकाने पाय खाली घेतला. लगाम सोडला. सावकाश दस्तरखानाशी येऊन मांडी घालून बसला.

"जमरक. आणि बरयाल."

बादशहाचे ओठ हलले. पलवशाने मोठा श्वास घेतला. "जमरक..."

"थांब, पोरी," काका म्हणाला. "धाकट्याचं आधी घे. थोरला त्याला घोड्यावर नेहमी पुढे बसवायचा."