सातव्या मैलावरचं दुकान

मुलांनो, डोळे मिटा आणि १९३४ सालचा अळणावर-धारवाड रस्ता मनात आणा. जंगलातलं लाकूड बैलगाड्यांनी धारवाडला जायचं. सातव्या मैलाच्या दगडाशी मथुराक्काचं छोटं दुकान होतं. गाडीवान तिथे भाकरी-ताकासाठी थांबत. त्यावर ती आणि तिची आठ वर्षांची तुंगा जगत.

एके दिवशी सरकारी मिस्त्री आला आणि तो दगड उपटू लागला.

"अक्का, रस्ता आता टेकडीपलीकडून जातो. त्याला नवा नंबर मिळाला. हा रस्ता कागदावर राहिलेला नाही."

"मग तू काय उडत आलास?"

मिस्त्री हसला, ताक प्यायला आणि दगड घेऊन गेला.

पुढचे दहा दिवस एकही गाडी आली नाही. मथुराक्का म्हणाली, "तुंगा, उद्यापासून मी मजुरीला जाते."

त्याच दुपारी एक गाडी दारात येऊन थांबली. गाडीवान निंगाप्पा लाकडांवर गाढ झोपला होता. फाट्यावर बैल आपल्या सवयीनं जुन्या रस्त्याला वळले होते. जागा होताच तो ओरडला, "अरे शहाण्यांनो, रस्ता बदललाय! कितीदा सांगायचं?" मग, आलोच आहोत तर, म्हणून त्यानं भाकरी मागितली.

तो जेवायला बसला, तशी तुंगा आईला न विचारता आत गेली, गुळाचा मोठा खडा घेऊन आली, आणि फोडून अर्धा अर्धा तिनं दोन्ही बैलांना भरवला.