दोन नंबरचा हेडफोन

जावयाने त्याच्या आईला आणि मला अगदी सारखे हेडफोन घेतले. मी चार दिवस त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा नातीने माझा तिथल्या कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर त्याच्या नावाआधी दोनचा आकडा आला.

"हा दोन कशाला गं?"

"इकडच्या आजीचा आधी लावला होता ना. एकसारखे असले की नंतरच्याला आकडा लागतो."

मी विहीणबाईंचा उपटून बाजूला ठेवला. माझा काढून पुन्हा लावला. दोन काही हटेना.

नात हसली. "त्याच्या लक्षात राहतं, आजी. नाव बदलू? काय लिहू?"

"आजी लिही."

"ते इकडच्या आजीच्याला देऊन झालंय."

या पोरीला पहिलं न्हाऊ मी घातलं होतं. पण आता रोज वेणी घालणारीचं राज्य. मी तोंड फिरवून बसले.

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग हळूच लिहिलं, 'आईची आई'.

"चालेल?"

माझी लेक गेल्यापासून पोरीने आईचं नावही काढलं नव्हतं.

मी विहीणबाईंचा हेडफोन उचलला आणि पुन्हा होता तिथे लावून ठेवला.