क्लेटनमामासाठी खेळ

"माझा ट्रक तुझ्या पोरीला देऊन टाक," वेंडेल फोनवर म्हणाला.

पलीकडून त्याची बहीण लोरीन म्हणाली, "आणि तू कशातून फिरणार?"

"मला कुठं जायचंय आता?"

"जेवलास का?"

"हो," वेंडेल म्हणाला. तो जेवला नव्हता.

संघाने त्याला नुकतंच मोकळं केलं होतं. मॅनेजर चांगलं बोलला, खांद्यावर हात ठेवून बोलला. लॅक्रॉसमध्ये, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळात, मधल्या फळीच्या खेळाडूला मैदानाच्या दोन्ही टोकांना पळावं लागतं. इकडे अडवायचं, तिकडे जाऊन गोल करायचा. वेंडेलचे गुडघे आता एकाच टोकापुरते उरले होते. वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला काहीच वाटलं नाही.

कितीतरी वर्षं त्याने याच खेळावर पोट भरलं होतं. शहरं बदलली, जर्सीचे रंग बदलले. हजारो लोक त्याच्या नावाने ओरडायचे आणि तासाभरात तो हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेला बूट न काढता बसलेला असायचा. सामना संपला की बाकीचे विमानाने आपापल्या घरी जायचे. तो भाड्याच्या खोलीवर यायचा. तिथं फक्त कुत्री वाट बघायची. तीही त्याने परवा खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला दिली.

"किती दिवसांसाठी?" तिने विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी क्लेटनमामाचा फोन आला. मामा स्वतःहून कधी फोन करत नसे.

"शनिवारी सकाळी इकडे ये. खेळ आहे. आपला, औषधाचा."

ओनोंडागा या त्यांच्या मूळनिवासी अमेरिकन जमातीत कुणी आजारी पडलं की पुरुष जमतात आणि त्याला बरं वाटावं म्हणून लॅक्रॉस खेळतात. तिकीट नाही, पंच नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही. म्हातारे आणि पोरं एकाच चिखलात उतरतात. कोण जिंकलं हे कुणी विचारत नाही.

"कुणासाठी?"

मामा खोकला. खोकत राहिला. "आधी ये तर," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्या खोकल्यातून वेंडेलला काय ते कळलं. आईच्या मागे त्याला रागावणारा हा एकच माणूस उरला होता.

शनिवारी तो पोचला तेव्हा सभागृहामागच्या मैदानाच्या कडेला अजून बर्फ होता. स्वयंपाकघरातून मक्याच्या सूपचा वास येत होता. मामा खुर्चीत बसला होता, गळ्यापर्यंत घोंगडी ओढून. केवढासा दिसत होता.

वेंडेलने आपली लाकडी काठी पुढे केली. लहानपणी मामानेच हिकरीचं लाकूड वाकवून ती त्याला करून दिली होती.

"मामा, ही आता तुझ्याजवळ राहू दे."

मामाने घोंगडीतून हात बाहेर काढले नाहीत. काठीकडे बघितलं, मग भाच्याकडे.

"आधी खेळून घे," तो म्हणाला. "मग बोलू."

मैदानात मावसभाऊ डूलीने हाक मारली. "आले, आले, साहेब आले! टीव्हीवर बरा उंच दिसायचास रे."

"आणि तू टीव्हीवर दिसतच नाहीस."

"माझं पोट मावत नाही त्यात!"

सगळे हसले. वेंडेलला हसू आलं नाही. त्याने डूलीला बाजूला घेतलं.

"मामाला काय झालंय? डॉक्टर काय म्हणतात?"

डूली बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. "तू खेळ," तो म्हणाला. "मन लावून खेळ, वेंडेल. बाकी काही विचारू नकोस."

म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

वेंडेल खेळला. सुरुवातीला पाय जड होते. मग कुणीतरी त्याला धडक दिली, तो तोंडावर चिखलात पडला, दोन हातांनी त्याला उठवलं आणि चेंडू पुन्हा त्याच्याकडेच आला. जो तो चेंडू त्याच्याकडेच टाकत होता. शेजारून पळणारा प्रत्येकजण जाता जाता त्याच्या पाठीला हात लावून जात होता. आपण व्यावसायिक खेळाडू, म्हणून भरवसा टाकतायत, असं त्याला वाटलं. तो या टोकाकडून त्या टोकाला पळत सुटला. गुडघ्यांतून कळा येत होत्या, तरी थांबला नाही. धावताना मनात एकच चाललं होतं: मामा जगू दे. मामा जगू दे.

कित्येक महिन्यांत त्याने काही मागितलंच नव्हतं. ना देवाकडे, ना माणसांकडे. आता मागताना त्याचे डोळे भरून आले आणि समोरचं मैदान धूसर झालं. तरी तो पळत राहिला. दुसऱ्या टोकाला पोचून त्याने चेंडू मारला. गोल झाला आणि दोन्हीकडचे लोक एकदम ओरडले. त्याला जोराची भूक लागली होती. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

खेळ थांबला. धापा टाकत तो खुर्चीशी गेला आणि चिखलातच मामापुढे गुडघ्यांवर बसला. मागून बाकीचे आले. सगळे दोघांभोवती कडं करून उभे राहिले.

"मामा," त्याने विचारलं, "आता बरं वाटतंय का?"

मामाने घोंगडी बाजूला टाकली. दोन्ही हातांत भाच्याचं चिखलाने माखलेलं तोंड धरलं.

"मला काय धाड भरलीय? सकाळी लाकडं फोडून आलोय मी," तो म्हणाला. "लोरीनने ट्रकचं सांगितलं तेव्हाच मी काय ते ओळखलं. हा खेळ तुझ्यासाठी होता, पोरा."