कप्तानाच्या कानाशी

टुलॉक दार न वाजवता कप्तानाच्या केबिनमध्ये शिरला. या आठवड्यात रॅगने हे तिसऱ्यांदा पाहिलं.

हेडली रॅग 'कॅसलरिग'वर मुख्य अधिकारी म्हणून आला त्याला महिना झाला होता. लिव्हरपूलहून निघताना जहाजाच्या पोटात चार रेल्वे इंजिनं चढवली होती, एकेक शंभर टनांच्या घरातलं. ती बसऱ्याला उतरवायची होती. युद्ध संपल्यावर हे जहाज असल्याच ओझ्यांसाठी बांधलं होतं. मधल्या डोलकाठीला टेकलेली, ओझी उचलायची त्याची अजस्र यारी पाहायला बंदरोबंदरी माणसं जमत.

टुलॉक जहाजाचा सारंग. शेटलंड बेटांवरचा, साठीला टेकलेला, बोलायला कंजूष. खलाशांवर त्याचा वचक असावा हे रॅगला मान्य होतं. पण याचा वचक कप्तानावरच दिसत होता. कप्तान लॉरिमर यांचं टपाल आधी टुलॉक फोडायचा. त्यांचं जेवण तोच आत न्यायचा आणि दार लावून घ्यायचा. एकदा सुएझला कागदपत्रांवर सह्या चालल्या होत्या. टुलॉकने बोट ठेवलं तिथे कप्तानांनी मुकाट्याने सही केली. कागदावरचा एक शब्दही वाचला नाही.

म्हाताऱ्याचं काहीतरी या माणसाच्या मुठीत आहे, अशी रॅगची खात्री झाली. युद्धात काही घडलं असेल, काही दडपलं असेल. अकरा वर्षं दोघं एकत्र होते, एवढ्या काळात काय काय साचू शकतं.

एडन सोडल्यावर त्याने टुलॉकला डेकवर गाठलं आणि विचारलं, कप्तानांच्या केबिनमध्ये तुझं एवढं काय काम असतं?

टुलॉक हातातला दोर गुंडाळत राहिला. "साहेब, तुम्ही जहाजाचं बघा," तो म्हणाला. "कप्तानसाहेबांचं सगळं मी बघतो."

त्या स्वरातला उर्मटपणा रॅगला झोंबला.

बसऱ्याला सकाळीच पहिलं इंजिन काढायला घेतलं. कुठल्याही जहाजावर हे काम मुख्य अधिकाऱ्याचं. इथे मात्र कप्तान स्वतः शिट्टी तोंडात धरून उभे राहिले आणि टुलॉक त्यांच्या कानाशी. रॅगला जहाजाच्या धक्क्याकडच्या कठड्यापाशी दोर सांभाळायला ठेवलं होतं. एखाद्या शिकाऊ पोराला ठेवावं तसं.

यारीचे दोर ओढणाऱ्या वाफेच्या विंचा कण्हू लागल्या. इंजिन कोठारातून वर आलं, बाहेर झुललं, आणि त्याच्या भाराने सगळं जहाज धक्क्याकडे कललं. टुलॉकचे ओठ हलत, मग शिट्टी वाजे. रॅगचं लक्ष कप्तानांच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांची नजर इंजिनावर नव्हतीच. ते समोर पलीकडच्या खजुरीच्या झाडांकडे ताठ बघत होते, जणू इकडे पाहायची त्यांना बंदी होती.

तेवढ्यात वाफेच्या आवाजात टुलॉकचं बोलणं बुडालं असावं. शिट्टी उशिरा वाजली. इंजिन क्षणभर जास्तच खाली आलं. धक्क्यावरचा एक अरब हमाल चाकांखालून कसाबसा बाहेर पडला. त्याचं डोक्याचं फडकं मात्र खालीच राहिलं, रुळाला चिकटून.

दुपारी रॅगने अहवाल लिहायला घेतला. पाहिलेलं सगळं त्याने दोन पानांत उतरवलं आणि टुलॉकला जहाजावरून उतरवून देण्याची मागणी केली. मग टुलॉक कोठारात गेल्याचं बघून तो कप्तानांकडे गेला. त्याने मात्र दार वाजवलं.

टुलॉकविषयी लेखी तक्रार आहे, असं सांगत त्याने कोटाच्या खिशातून कागद काढून पुढे धरला. कप्तान जागचे हलले नाहीत, तेव्हा त्याने तो त्यांच्या हातातच दिला.

"वाचा साहेब. तुम्ही काही केलं नाहीत, तर हा मी मालकांना पाठवतो."

लॉरिमर उठले, गोल खिडकीपाशी गेले. उजेडात कागद धरून ते बराच वेळ उभे राहिले. एकदा त्यांनी तो उलटून पाठीमागची बाजूही पाहिली. मग नीट घडी घातली.

"व्यवस्थित लिहिलंय," ते म्हणाले. "यातलं काही मला खोडता येणार नाही, रॅग. पण उरलेली तीन इंजिनं उतरू द्या. माझी ही शेवटची खेप आहे. नंतर तुम्हाला हवं ते करा."

त्यांचा आवाज इतका थकलेला होता की रॅगला आपल्याच कडकपणाची लाज वाटली. उद्या यारीखाली पुन्हा माणसं उभी राहणार होती, तरीही तो 'बरं' म्हणाला आणि बाहेर पडला.

जिन्यात रुमालासाठी त्याने खिशात हात घातला, तर बोटांना घडी केलेले कागद लागले. अक्षर त्याचंच होतं. दोन्ही पानं होती, पहिल्याच ओळीत टुलॉकचं नाव.

कप्तानांनी खिडकीच्या उजेडात इतका वेळ वाचली होती, ती स्वयंपाक्याने सकाळी रॅगला दिलेली कांदे-बटाट्यांची यादी.