शुक्रवार लागला

कळा दुपारीच सुरू झाल्या होत्या, तरी एचाती ओढणीचं टोक दातांत धरून बाळाला अडवत होती. फ्रान्सच्या ताब्यातल्या मायोत बेटावर आईबापांना परवान्यानं राहून वर्ष झालेलं असेल, तरच जन्मलेलं लेकरू पुढं फ्रेंच नागरिक ठरणार. नवऱ्याचं भरलं होतं, तिचं शुक्रवारी भरणार होतं. “बेटासाठी दोन देश भांडतात, लेकरांना कुत्रं विचारत नाही,” मावशी करवादली. “थोडी कळ काढ, पोरी!” अखेर मशिदीतून मगरिबची बांग आली. दिवस मावळला की पुढचा वार लागतो, हे बेटावर शेंबडं पोरही जाणतं. “शुक्रवार लागला! सोड आता!” एचातीनं जीव एकवटला. मुलगी खणखणीत रडली. फ्रान्सहून आलेल्या सुईणीनं घड्याळ पाहून बाळाच्या मनगटपट्टीवर लिहिलं, ‘गुरुवार’. “अगं, शुक्रवार लिही! बांग झाली की!” मावशी ओरडली. “शुक्रवार उद्या, आजी.” एचातीनं ओढणीचं टोक पुन्हा दातांत धरलं.