ओला ताणा

विणकरांच्या गल्लीपुढचं पटांगण कापसाच्या गोदामाला द्यायचं ठरलं होतं. गेल्या उन्हाळ्यात पलीकडची घरं जळाली, तेव्हा आग याच मोकळ्या जागेनं अडवली होती. गल्लीचा अर्ज नगरपालिकेनं फेटाळला. आज मोजणी होती. गल्लीतल्या नरसम्मानं पहाटेच पटांगणभर सुताचा ताणा बांधून त्याला खळ लावली. विणकर ताणा ओलांडत नाहीत, आणि मोजणीला आलेले नगरपालिकेचे मेंबर विणकराच्याच घरातले. ते हसत लिंबाखाली बसले. "बसतो की, अक्का! उन्हात खळ कडक झाली, की सूत तुटतंय. मग गुंडाळशीलच." घरात दुसरं सूत नव्हतं. नरसम्मा पाणी शिंपडत ताण्याच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागली. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. पहिला धागा तुटला. तिचा हात खुंटीकडे गेला, तोच शेजारीण माजिदानं दुसऱ्या खुंटीला आपला ओला ताणा बांधला. "तुझा सोड आता. माझा वाळेस्तोवर कोपऱ्यावरच्या यल्लव्वाचा ताणा निघंल."